वाटणीच्या चिठ्ठ्या आणि खताचा हिशेब

आमच्याकडे भातजमिनीची वाटणी झाली की कुणालाच सलग मळा मिळत नाही. डोंगरालगत वरच्या अंगाला एक कुणगा, मधल्या सपाटीत एक, खाली वहाळाकाठी एक, असे तुकडे प्रत्येक भावाच्या वाट्याला येतात. चार भाऊ असले तर वरच्या मळ्याचे चार, मधल्याचे चार, खालच्याचे चार. मग चिठ्ठ्या. घरातलं सगळ्यात लहान पोर बोलवायचं, कारण त्याला अजून कुणाची बाजू घेता येत नाही, आणि त्याच्या हातून चिठ्ठी उचलायची. या तुकड्यांना सगळ्यांनी शिव्या घातल्या आहेत. पॉवर टिलर वळत नाही, निम्मी जमीन बांधातच जाते, राखण करायला तीन ठिकाणी धावावं लागतं. सगळं खरं. पण दापोलीला कृषीचं शिकत असताना फळ्यावर पहिल्यांदा रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइनची, म्हणजे प्रयोगाची जमीन गट पाडून चिठ्ठीने वाटायच्या रचनेची, आकृती आली, तेव्हा माझ्या मनात आलं ते एवढंच: हे तर आमच्या आजोबांनी करून ठेवलंय.

वाटणी करणाऱ्यांना जमीन माहीत होती. वरचा कुणगा जांभ्याच्या उतारावरचा, माती उथळ, पावसाने आठवडाभर तोंड फिरवलं की भेगाळणारा. तिथे हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं भात. खाली वरून वाहून आलेला गाळ, दसरा उलटला तरी ओल, तिथे उशिरा तयार होणारं गरवं. एकाला सगळं वरचं आणि दुसऱ्याला सगळं खालचं दिलं असतं, तर पुढे कोणाच्या हाताला यश आहे आणि कोणाच्या जमिनीला, हे कधीच कळलं नसतं. म्हणून प्रत्येक प्रतीच्या जमिनीत प्रत्येकाला वाटा, आणि त्या प्रतीतला नेमका कुठला तुकडा कोणाचा हे चिठ्ठीवर. खताच्या प्रयोगात भावांच्या जागी मात्रा येतात: हेक्टरी शून्य, 50, 100 आणि 150 किलो नत्र, म्हणजे नायट्रोजन. एका प्रतीची जमीन म्हणजे एक ब्लॉक. प्रत्येक ब्लॉकमध्ये चारही मात्रा एकेकदा, आणि कुठल्या वाफ्याला कुठली, ते चिठ्ठीने. असे पाच ब्लॉक केले की वीस वाफे होतात, आणि तेवढ्यात बऱ्यापैकी बोलता येतं.

खताचे प्रयोग गावात सतत चालूच असतात, फक्त त्यांना कोणी प्रयोग म्हणत नाही. ‘यंदा खालच्या मळ्यात सुफला मारला, वरच्यात नुसतं शेणखत. जाऊन बघा फरक.’ जाऊन बघितलं की फरक दिसतो. पण तो गेल्या वर्षीही होता आणि सुफला नव्हता तेव्हाही होता. ‘काका, हा फरक खताचा की गाळाचा?’ असं विचारलं की काका जरा दुखावतात. त्यांचं चुकत नसतं. त्यांनी पाहिलेलं खरं असतं, त्यावरून काढलेला निष्कर्षच तेवढा हवेतला असतो. कंपन्यांच्या प्रात्यक्षिक प्लॉटची गोष्ट वेगळी. रस्त्यालगतची, पाण्याच्या तोंडाशी असलेली उत्तम जमीन निवडून तिथे पाटी लावायची, शेजारच्या कोपऱ्यातली जमीन ‘खताविना’ म्हणून दाखवायची. तिथे मात्र दुखावण्यासारखं काही नाही, तो धंदा आहे.

गंमत म्हणजे जगातल्या सर्वांत नावाजलेल्या खतप्रयोगातही सुरुवातीला हीच अडचण होती. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला जॉन लॉज यांनी 1842 मध्ये सुपरफॉस्फेटचं पेटंट घेतलं आणि पुढच्याच वर्षी जोसेफ गिल्बर्ट यांना सोबत घेऊन ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात गव्हाचे लांबच लांब पट्टे आखले. एकाला शेणखत, काहींना वेगवेगळी रासायनिक खतं, एकाला काहीच नाही. तो काहीच नसलेला पट्टा 1843 पासून आजतागायत तसाच ठेवला आहे. पण एका खताला एकच पट्टा. तो पट्टा मुळातच शेजाऱ्यापेक्षा कसदार होता का, याचं उत्तर त्या रचनेत मिळत नाही. 1919 मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर तिथे नोकरीला लागले ते साठलेल्या आकड्यांच्या ढिगातून काही निघतं का बघायला. त्यांच्या लक्षात आलं की पीक निघाल्यावर गणित कितीही घासूनपुसून केलं तरी उपयोग नाही. पेरणीआधी जमीन कशी वाटली, त्यावर सगळं ठरतं. मात्रा पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या वाफ्यांत द्या, सारख्या जमिनीचे गट पाडा आणि गटाच्या आत निवड नशिबावर सोडा. 1925 च्या आणि 1935 च्या त्यांच्या पुस्तकांतून हे जगभर गेलं. आपल्याकडे पानसे आणि सुखात्मे या संख्याशास्त्रज्ञांचं याच विषयावरचं पुस्तक 1954 मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढलं आणि कृषीच्या कित्येक पिढ्या त्यावरच घासल्या गेल्या. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. पीक कापणीसाठी गावातलं शेत यदृच्छेने निवडायचं, ही पद्धत देशात रुजवण्यात त्यांचा मोठा हात होता. पीक विम्यासाठीही अशीच कापणी होते, म्हणूनच की काय, आम्ही चिठ्ठ्या काढायला लागलो की गावात कोणी ना कोणी हटकून विचारतं, ‘पीक विम्याचं आहे काय हो?’

पुस्तकातला ब्लॉक आयताकृती असतो आणि सपाट कागदावर असतो. कोकणात तो पायऱ्यांवर बसवावा लागतो. इथे पहिला नियम असा की ब्लॉक आडवा हवा, एकाच पायरीवर, बांधाच्या समांतर. उतारावरून खाली ब्लॉक घेतला तर वरच्या वाफ्यातला युरिया पाण्याबरोबर खालच्या वाफ्यात उतरतो. मग शून्याच्या वाफ्याला 150 चं उष्टं मिळतं, आणि शेवटी खताचा परिणामच नाही असा निकाल हातात येतो. जुलैमध्ये आमच्याकडे महिन्याला हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतं, तेव्हा ही शक्यता पुस्तकी राहत नाही. आपली खाचरं आडवी आणि चिंचोळी असतात हे इथे पथ्यावर पडतं. पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद असे चार वाफे एका पायरीवर ओळीने बसतात. मध्ये दुहेरी बांध आणि दोन बांधांच्या मध्ये चर, म्हणजे प्रत्येक वाफ्याचं पाणी आपापल्या वाटेने चरात उतरेल, शेजाऱ्याकडे जाणार नाही. हे सगळं नीट बांधलं की खेकडे येतात. बांध पोखरायला त्यांना एक रात्र पुरते, आणि त्या भोकातून एका वाफ्याचं नत्र दुसऱ्यात जातं. रोज सकाळी बांधावरून फिरून भोकं बुजवायला एक माणूस लागतो. प्रबंधात याचा उल्लेख कधीच नसतो.

आखणीच्या आधी गावातल्या वयस्क बायकांशी बोलावं, असं मी आता प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. माती परीक्षणाचा कागद सामू, म्हणजे माती किती आंबट ते, सांगेल, सेंद्रिय कर्ब सांगेल. पण भाजावळ कुठल्या कोपऱ्यात व्हायची, जुना गोठा कुठे होता, उकिरडा कुठल्या बाजूला होता, बांधावरचं ऐनाचं झाड कधी तोडलं, हे कागदात नसतं. वर्षानुवर्षं कवळ (तोडलेल्या फांद्या-पाला) आणि गोवऱ्या जाळून जिथे रोप केलं, ती जागा भाजावळ बंद झाल्यावरही बराच काळ वेगळी वागते. एवढी जागा ओळखून बाहेर ठेवली की प्रयोगातली निम्मी गडबड सुरू होण्याआधीच संपते. एखादीला हे विचारलं की ती आधी सासूचं सगळं सांगते आणि मग उकिरड्यावर येते. तेवढा वेळ द्यावा लागतो.

जातही एकच हवी, आणि ती वरच्या पायरीला शेवटी पाण्यावाचून मारणार नाही आणि खालच्या पायरीला चिखलात लोळवणार नाही अशी. म्हणजे निमगरवी, हळव्या-गरव्याच्या मधली.

आता नत्राचा परिणाम पाहायचा असेल तर स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) सगळ्या वाफ्यांना सारखं द्यावं लागतं. जांभ्याच्या मातीत हे विसरून चालत नाही. या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं भरपूर, माती आंबट, त्यामुळे दिलेलं स्फुरद मोठ्या प्रमाणात धरून ठेवलं जातं आणि पिकाच्या हाती थोडंच लागतं. स्फुरदाची उपासमार असलेल्या वाफ्यात नत्र वाढवत नेलं तर पीक एका टप्प्यावर अडतं, आणि आपण म्हणतो नत्राचा उपयोग नाही. म्हणूनच फिशर एका वेळी एकच गोष्ट बदला या सल्ल्याच्या विरोधात होते. नत्राच्या चार आणि स्फुरदाच्या तीन पातळ्या एकत्र घेतल्या की एकमेकांशिवाय त्यांचं कसं चालतं आणि एकत्र कसं चालतं, दोन्ही कळतं. पण मग बारा वाफ्यांचा ब्लॉक होतो, आणि बारा वाफे बसतील एवढी एकसारखी पायरी कोकणात शोधून दाखवा.

खताचं वजन हा भाग शांतपणे करायचा. 20 चौरस मीटरच्या वाफ्याला हेक्टरी 100 किलोच्या हिशेबाने 200 ग्रॅम नत्र, म्हणजे 435 ग्रॅम युरिया. त्यातला 40 टक्के लावणीला, 40 टक्के फुटवे येताना, 20 टक्के लोंबी पोटात असताना. हेक्टरी 50 किलो स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट 625 ग्रॅम, तेवढ्याच पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅश 167 ग्रॅम. पुड्या घरी काट्यावर बांधून, त्यावर वाफ्याचा नंबर घालून न्यायच्या. शेतात उभं राहून, इरलं सावरत, मुठीने अंदाज घ्यायचा प्रयोग नव्हे. शेतकरी मुठीने अंदाज घेतो आणि त्याचा अंदाज चांगला असतो, पण त्याची मूठ दर पावलाला बदलते आणि तो बदल नंतर कोणालाच वेगळा काढता येत नाही.

सगळ्यात अवघड मात्रा म्हणजे शून्य. द्यायला काही नसतं, तरी ती देणं जड जातं. आपल्या जमिनीच्या पाच तुकड्यांना युरियाचा दाणाही घालायचा नाही, हे ऐकल्यावर शेतमालकाच्या आईने मला विचारलं होतं, ‘ह्या तुकड्यानं काय पाप केलंन?’ ऑगस्टमध्ये शून्याचे वाफे पिवळट पडतात, बांधावरून जाणारा प्रत्येक जण थांबून चौकशी करतो, आणि घरच्यांना ती आपली अब्रू वाटते. तिथेच शून्याचा एक वाफा एकाएकी बाकीच्या चार शून्यांपेक्षा काळपट हिरवा झाला. कोणी मूठभर युरिया टाकला हे विचारायची गरज नव्हती. त्या आजी आठवडाभर माझ्याशी अगदी गोड बोलत होत्या. तो वाफा बाद. अशा हरवलेल्या वाफ्याचा आकडा बाकीच्यांवरून कसा बसवायचा, याचं सूत्र संख्याशास्त्रज्ञ फ्रँक येट्स यांनी 1933 मध्ये दिलं आहे आणि ते आम्ही वापरलं. त्रुटीच्या, म्हणजे योगायोगाने पडणारा फरक मोजायला हाताशी असलेल्या, बारा डिग्री ऑफ फ्रीडमच्या अकरा झाल्या. आजींना ते सांगितलं नाही.

पण सगळ्या प्रयोगात मला शून्याचाच वाफा सगळ्यात मोलाचा वाटतो. जमीन स्वतःहून किती देते, हे दुसरा कोणताही वाफा सांगत नाही. तुंबलेल्या पाण्यात निळं-हिरवं शेवाळ हवेतलं नत्र बांधतं, जुनी मुळं आणि धसकटं कुजतात, डोंगरावरचा पालापाचोळा पाण्याबरोबर येतो. या सगळ्यावर भात काही ना काही देतंच. कोकणातल्या घरोघरी युरियाची गोणी आली त्याला दोन-तीन पिढ्या झाल्या. त्यानंतर हा आकडा कोणी पाहिलेला नाही, कारण पाहायचा तर एक तुकडा उपाशी ठेवावा लागतो. मग आलेलं सगळं पीक खताच्या खात्यावर जमा होतं. आमच्याच घरी कोणी विचारलं असतं की खताशिवाय किती येतं, तर उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं असतं, आणि ते अगदी मनापासून दिलेलं असतं.

कापणीच्या वेळी कडेच्या ओळी सोडून द्यायच्या, कारण त्यांना ऊन-वारा जास्त आणि शेजाऱ्याच्या खताचा वासही. हे गणित लोकांना आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर कापणारे सवयीने बांधाकडून सुरुवात करतात. 20 चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा पाचशेवा भाग, आणि कडा सोडल्यावर उरलेलं त्याहूनही कमी. इथे झोडणीत 100 ग्रॅम दाणे पेंढ्यात राहिले की कागदावर हेक्टरी 50 किलोहून अधिक भात गायब होतं. एका वाफ्याचं भात उन्हात तापून वजन केलं आणि दुसऱ्याचं ओलंच केलं, तर दोन मात्रांमधला फरक पाण्याचा असतो. म्हणून सगळं 14 टक्के ओलाव्यावर आणायचं. खळ्यात वीस ढीग, वीस चिठ्ठ्या, आणि कोंबड्या. कोंबड्यांना ब्लॉक कळत नाहीत.

आता आकडे. माझ्या प्रयोगांतले नव्हे, समजायला सोपे म्हणून घेतलेले. समजा शून्य, 50, 100, 150 किलो नत्राला हेक्टरी 22, 31, 36 आणि 37 क्विंटल भात आलं. पहिल्या पन्नास किलोने 9 क्विंटल वाढले, दुसऱ्याने 5, तिसऱ्याने 1. दोनच मात्रा घेतल्या असत्या, शून्य आणि 150, तर सरळ रेष निघाली असती आणि दुकानदार खूश झाला असता. चार घेतल्यामुळे वाकलेली रेष दिसते. या आकड्यांतून वर्गसमीकरण काढलं तर सर्वांत जास्त उत्पन्न 137 किलोच्या आसपास येतं. मग नफ्याच्या दृष्टीने योग्य मात्रा किती? शेवटच्या किलोची किंमत आणि त्यातून निघालेल्या भाताची किंमत जिथे सारखी होते तिथे थांबायचं. 50 किलो नत्र म्हणजे जवळपास 109 किलो युरिया, 45 किलोच्या अडीच गोण्याही नाहीत, 266.50 रुपयांच्या गोणीने हे 650 रुपयांच्या आत बसतं. साध्या भाताचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये. म्हणजे तो शेवटचा एक क्विंटलसुद्धा कागदावर परवडतो! युरिया इतका स्वस्त आहे की नफ्याची मात्रा जास्तीत जास्त उत्पन्नाच्या मात्रेला जवळजवळ चिकटूनच बसते, 134 किलोवर. लोक युरिया जास्त टाकतात म्हणून त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावं.

पण प्रयोगाने आणखी एक आकडा दिलेला असतो. समजा या वीस वाफ्यांचा क्रिटिकल डिफरन्स, म्हणजे दोन मात्रांमधला फरक खरा मानायला निदान जेवढा लागतो तो आकडा, ज्याला आम्ही सीडी म्हणतो, 3.4 क्विंटल निघाला. पाच पुनरावृत्त्या आणि आमच्यासारखी उंचसखल जमीन असली की एवढा निघणं अगदी साधं आहे. मग 31 आणि 36 मधला फरक खरा मानता येतो, 36 आणि 37 मधला मानता येत नाही. तो खेकड्याचा असू शकतो, कोंबडीचा असू शकतो. मात्रांच्या प्रयोगात दोन-दोन आकडे असे सुटे ताडून बघू नयेत, सगळ्यांतून जाणारी रेष बघावी, हे मला मान्य आहे आणि विद्यार्थ्यांना मी तेच शिकवते. पण रेषेचं टोकही तेवढंच डळमळीत असतं. 100 च्या पुढे काय होतं हे या वीस वाफ्यांना माहीत नाही, आणि जो सल्ला छापायचा त्यात हे लिहिलं पाहिजे. सहसा लिहीत नाहीत. एक ठाम आकडा दिला की सल्ल्याची पत्रिका छान दिसते.

हा सगळा हिशेब आम्ही एकदा ओटीवर बसून घरच्यांना सांगितला. हेक्टर कोणाच्याच डोळ्यांपुढे येत नाही म्हणून गुंठ्यात आणला. हेक्टरात जवळपास 99 गुंठे, म्हणजे हेक्टरी एक क्विंटल म्हणजे गुंठ्याला एक किलो. एवढं कळल्यावर काकू लगेच म्हणाल्या, ‘माझे आठ गुंठे. म्हणजे तुमच्या त्या शेवटच्या गोण्यांचं आठ किलो भात. त्यासाठी मी पावसात खत मारायला उतरायची नाही.’ आणि हमीभाव वगैरे तर त्यांच्या कामाचाच नव्हता, कारण त्यांच्या घरचं भात विकलंच जात नाही. घरी खायच्या तांदळाला कुठला भाव लावायचा, दुकानातला की खरेदी केंद्रावरचा, यावर दीर-भावजयीचं थोडं वाजलं. पण काकूंचा मुद्दा वेगळाच होता. किती किलो, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. किती वेळा, हा होता. मजूर मिळत नाहीत, मुलगा मुंबईला, आणि नत्र तीन हप्त्यांत द्यायचं तर पावसाची उघडीप बघून तीनदा चिखलात उतरायचं.

म्हणून पुढच्या प्रयोगात मात्रा बदलायच्या नाहीत, देण्याची रीत बदलायची, असं ठरलं. चारसूत्री नावाच्या भातलागवडीच्या पद्धतीतली, युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) एकत्र दाबून केलेली गोळी एकदाच द्यावी लागते. 15 आणि 25 सेंटिमीटर आलटूनपालटून अंतर ठेवून रोपं लावायची, चार चुडांच्या (एका जागी लावलेल्या रोपांच्या) चौकोनात एक गोळी, 7 ते 10 सेंटिमीटर खोल. तिथे नत्र पाण्यावर तरंगत नाही आणि वाहूनही सहज जात नाही. 2.7 ग्रॅमची एक, हेक्टरी 62,500 गोळ्या, म्हणजे साधारण 57 किलो नत्र आणि 29 किलो स्फुरद. तुलना करायची तर हप्त्यांच्या वाफ्यांनाही 57 आणि 29 च द्यायचं. त्यांना 100 आणि गोळीला 57 दिलं तर जिंकलं कोण, रीत की मात्रा, हे परत कळणार नाही. चार वाफे असे: काही नाही, सगळं एकदाच फोकून, तीन हप्ते, आणि गोळी. यावर कोणाची हरकत नव्हती. मग काकूंनी गुंठ्याच्या गोळ्या मोजल्या, 630 च्या वर निघाल्या, आणि आठ गुंठ्यांच्या पाच हजार. लावणीनंतर वाकून पाच हजार गोळ्या हाताने खोचायच्या की तीनदा चिखलात उतरायचं, यात कमी काम कुठलं, यावर सध्या वाद चालू आहे. माझं म्हणणं असं की प्रत्येक वाफ्याला लागलेली मिनिटंही भाताच्या वजनाशेजारी लिहून घ्यायची. काकूंचं म्हणणं, घड्याळ धरून बांधावर उभी राहणार असशील तर त्यापेक्षा खाली उतर आणि चार ओळी खोच.